गाऱ्हाण्यातला पाताळकर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोकमाचे रातांबे फोडणं. मे महिना, दुपारची वेळ, मागची पडवी. मी सुरीने रातांबा फोडायचो, ही त्यातला गर घमेल्यात काढायची आणि साल टोपलीत टाकायची. चारही हात कोपरापर्यंत लाल. समोर पाटावर पुस्तक उघडं, आणि वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून त्यावर माझा ओळंबा ठेवलेला. मी गवंडी माणूस. चाळीस वर्षं चिऱ्याच्या भिंती सरळ केल्या त्या ओळंब्याने, म्हातारपणी त्याला हे काम लागलं. ही मान वाकवून इंग्रजी वाचायची आणि तोंडाने मालवणीत सांगायची. पान संपलं की हनुवटीने खूण करायची. पान परतायला माझ्या डाव्या हाताची करंगळी तेवढी कोरडी ठेवायचा हुकूम होता.

"पाताळकर खंय पोचलो?" मी विचारलं.

"गप ऱ्हवा हो. तिच्या दारात उभो आसा. तुमी मधी बोललास काय तो थंयच आडाकता."

करंगळीने आणखी दोन पानं परतली. मग ती वाचायची थांबली.

"काय म्हणता तो?"

"इचारूक इलो आसा."

"काय इचारूक?"

"तां उद्या. माका कंटाळो इलो. चाय ठेवा."

मी चहा ठेवला. तिला तो गोड लागला, तसं तिने सांगितलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला खळ्यात सालं उन्हात पसरताना ती खाली बसली आणि बसलीच. पुस्तकाची चाळीसेक पानं राहिली होती.

तेव्हापासून माझं आणि पाताळकराचं वैर. बायको नेली ती नेली, आणि वर आमच्या देवळातल्या गाऱ्हाण्यात त्याचं नाव. अख्खा गाव हात जोडून त्याला मान देतो. तो मान त्याला हिनेच मिळवून दिलेला. मी तेराव्याच्या दिवशीच ठरवलं, श्रावणातला पहिला सोमवार यायच्या आत गुरवाला गाठायचं आणि ते नाव काढून टाकायला लावायचं.

पाताळकर कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे खोली घेऊन राहिलेला कुणी माणूस. तो पुस्तकातला. ग्रीस म्हणून देश आहे, तिथले कुणी जुने देव आहेत. आता त्यांना तिथे कोणी नारळसुद्धा वाढवत नाही म्हणे. पण त्या देवांवरून हल्लीच्या पोरी इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या लिहितात आणि पोरीच त्या वाचतात. जादू, शाप, काळे घोडे, आणि मधोमध प्रेम. त्यातला जो पाताळाचा राजा, मेलेल्या माणसांचा धनी, तो पाताळकर. हे नाव हिने ठेवलेलं. राजाचं खरं नाव तिला येत होतं, पण ती म्हणायची, "माणूस ज्या गावचो, तेचां आडनाव तां. पाताळात ऱ्हवता तो पाताळकरच."

सगळ्यांचीच नावं तिने अशी लावून टाकली होती. आभाळात वीज फेकणारा मोठा देव तो 'वरचो'. समुद्राचा देव तो 'तांडेल'. त्याच्या हातात त्रिशूळ आहे हे वाचून तिला फार बरं वाटलं, पण तो सारखा चिडतो म्हणून म्हणाली, तिथले लोक नारळी पुनव करत नसणार. प्रेमाची देवी ती 'नटवी', तिच्यावर हिचा विशेष राग. पाताळाच्या दारात तीन डोक्यांचा कुत्रा राखणीला असतो, त्याचं नाव मोती. तीन डोकी असली तरी नाव एकच.

पहिलं पुस्तक आमच्याकडे आलं ते रडत. मी परांचीवर चढायचं सोडलं तेव्हा आम्ही घराच्या मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या. तोंडवलीचा किनारा बघायला लोक येतात, त्यातली पुण्याची एक मुलगी. तीन दिवस राहिली, पण समुद्राला पाय लावला नाही. पडवीत खाटेवर पडून वाचायची आणि डोळे पुसायची. हिला वाटलं, पोरीला कुणीतरी फसवलं. गरम पेज घेऊन गेली, पाठीवरून हात फिरवला. तर ती म्हणते, "काकू, मला काही झालं नाही. पुस्तकामुळे रडतेय."

"पुस्तकामुळे?" ही म्हणाली. "दाखव बघूया."

जाताना मुलीने ते पुस्तक हिलाच देऊन टाकलं. ही फोंडाघाटची, बाजारातल्या शाळेत मॅट्रिक झालेली. मी चौथीत शाळा सोडून चिरे वाहायला लागलेला. तिचं इंग्रजी चाळीस वर्षं पेटीत पडून होतं, ते तिने झटकून काढलं. मुलाची जुनी डिक्शनरी घेतली. पहिलं पुस्तक आठ महिने चाललं, दुसरं चार, पुढे पुढे महिन्याभरात एक व्हायला लागलं. मुंबईचा मुलगा पार्सल पाठवायचा आणि फोनवर मला विचारायचा, "बाबा, आई काय वाचते हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी म्हणायचो, "तुझ्यापेक्षा जास्ती म्हायत आसा."

तो विचारायचा ते वेष्टनांमुळे. पुस्तकावर नेहमी एक उघडा बापया असायचा, छाती ही अशी, आणि त्याला रेललेली बाई. हिने पहिल्याच पुस्तकावर निळ्या बॉलपेनने त्या बाप्याला शर्ट काढला. कॉलर काढली, पाच बटणं काढली, खिसा काढून त्यात पेन खोचलं. "पावण्यांसमोर उघडो कसो बसवू तेका?" पाताळकराचं चित्र काळं होतं, त्यावर शाई दिसेना, तर तिने आपल्या टिकल्या ओळीने चिकटवून बटणं केली. पुस्तक पूर्ण होईतो दोन टिकल्या गळून पडल्या, त्या तिने परत लावल्या.

आणि ती लाजेची पानं. वाचता वाचता एकदम थांबायची.

"काय झालां?"

"हंय दोन पानां लाजेची आसत."

मग ती दोन पानं ती मनातल्या मनात वाचायची. ओठ हलायचे, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी समोर बसलेला, सुपारी कातरत.

"आता तरी सांग, काय झालां?"

"काय होवचां तां झालां. फुडे आयका."

एका पुस्तकात तर अशी बावीस पानं निघाली. मी तेवढ्या वेळात जाऊन विहिरीचा रहाट दुरुस्त करून आलो.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गुरव हातात नारळ धरून एकेका देवाला नावाने हाक मारतो, गावाचं मागणं मांडतो, आणि दर मागण्याला जमलेला गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' हिने ते पुस्तकाला लावलं. कथेतल्या पोरीला त्या नटवीने पाताळाच्या नदीत ढकललं, आणि प्रकरण तिथे संपलं. ही पुढचं पान परतू देईना. उठली, पाय धुतले, पुस्तकासमोर हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू परमुलखातलां, आवशीपासून लांब पडलेलां. तेका त्या न्हयतसून भायर काड रे म्हाराजा!"

आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आगो, पुस्तक छापून झालांहा," मी म्हटलं. "आता तुझ्या गाऱ्हाण्यान काय बदालतलां?"

"तुमका काय म्हायत? फुडचां पान तुमी खंय बघलास?"

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." पान परतलं. तीन पानांनी पोरगी बाहेर आली. त्यानंतर माझ्यावर असा प्रसंग दर आठवड्याला यायचा.

मला राहून राहून वाटायचं, या बाईला एवढं काय मिळतं ह्यात? हिने आयुष्यात मला कधी हातात हात घालू दिला नाही. जत्रेत चाललो तरी चार पावलं पुढे. एकदा ती कोळंबी सोलत होती तेव्हा सरळ विचारलं.

तिने दोन-चार कोळंब्या सोलल्या आणि मग बोलली. "तो राजा आसा. सैन्य आसा, मोती आसा. मनात इलां तर उचलून न्हेतलो. जुन्या गोष्टीत न्हेल्यानच, म्हणतत. पण ह्या पोरींनी ती गोष्ट मोडून परत बांधली. आता तो दारात उभो ऱ्हवता आणि इचारता, येतलंस काय? तां चेडू नाय म्हणता. तीनशे पानां नाय म्हणता. आणि तो थांबता."

"तीनशे पानां थांबलो तर कामधंदो कधी करतलो?"

"तुमका नाय कळाचां."

"कळाक काय झालां? रीतसर इचारलां होतां आमी पण. माझ्या बापाशीन तुझ्या बापाशीक इचारल्यान."

"मगे बापाशीकच न्हेवचो होतास," ती म्हणाली, आणि कोळंबीची सालं कोंबड्यांना टाकायला निघून गेली.

मला राग आला. दोन दिवस बोललो नाही. राग तिच्यावर की माझ्यावर, ते काही मला सांगता यायचं नाही. घाटाच्या पायथ्याची मुलगी मी समुद्रावर आणली, खारं पाणी, वाळू, माशांचा वास. तिला कोणी विचारलं नव्हतं हे खरंच होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "बरां, आता इचारतंय. ऱ्हवतलंस काय?"

ती भात वाढत होती. वाढायची थांबली नाही. "बघूया," म्हणाली. "तीनशे पानां जावंदेत."

त्यानंतर तिने एक वेगळंच काढलं. गोष्टीतली ती राणी सहा महिने पाताळात नवऱ्याकडे असते आणि सहा महिने वर आईकडे. हिने दिवाळीनंतर जाहीर केलं, "मी पण सहा म्हयने म्हायेराक जातंय."

"तुझी आवस खंय आसा आता?"

"भाव आसा."

"जा," मी म्हटलं. मला वाटलं, जाणार नाही. ती पिशवी भरून एस्टीत बसली.

मी अडवलं नाही, आणायलाही गेलो नाही. पाहुण्यांना जागा नाही म्हणून सांगायचो. सकाळी पेज आणि सुकं, रात्री तीच पेज. अठराव्या दिवशी दुपारी एस्टी थांबली आणि ही पिशवी काखेत मारून वाटेने येताना दिसली.

"झाले सहा म्हयने?" मी पडवीतूनच विचारलं.

"भावाच्या घरात दिवसभर टीव्ही. वाचूक म्हणान दिनत नाय. वयनी म्हणता, ह्या वयात कसली गे तुझी प्रेमां!" मग आत गेली आणि तिथूनच ओरडली, "ह्यां काय स्वयंपाकघर काय पाताळ?"

ती माझ्यासाठी आली की पुस्तकं वाचायला आली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुस्तकं म्हणाली असती.

पुढल्या उन्हाळ्यात तिला चालताना दम लागायला लागला. कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. काळजाची झडप सैल झाली आहे, ऑपरेशन करा, पण या वयात खात्री देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, लपवालपवी काही नव्हती. ही म्हणाली, "नको. माझे पुस्तकाचे तीन भाग ऱ्हवलेहत." डॉक्टरांना वाटलं, ती पुस्तक लिहिते. फार आदराने बोलायला लागले.

परत येताना एस्टी फोंड्याचा घाट उतरत होती. ही खिडकीतून खाली बघत होती. मी मनातून पार खचलेलो, आणि ही म्हणते, "पाताळात उतारणारो रस्तो असोच आसतलो बघा. वळणां वळणां, आणि पोचल्यार खाली चायची टपरी."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं.

"कित्याक? खाली माझां म्हायेरच आसा."

त्याच श्रावणात तिने ते केलं. पहिला सोमवार, देवळात सगळा गाव. ही पहाटेच नारळ घेऊन गेली होती, गुरवाशी देवळाच्या पायरीवर बराच वेळ बोलत बसली होती. मला वाटलं, अभिषेकाचं काही असेल. मग गाऱ्हाणं सुरू झालं. आमचा गुरव काडीसारखा आहे, पण आवाज चार वाड्यांत पोचेल असा. डोंगरावरल्या देवाला हाक मारली, दर्यावरल्याला मारली, शिवेवरल्या, वाटेवरल्या, पाणवठ्यावरल्या सगळ्यांना मारली, आणि त्याच दमात म्हणाला, "आणि खालच्या मुलखातल्या पाताळकरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

माझं तोंड उघडं ते उघडंच. ही बायकांत उभी होती, डोळे मिटून, अगदी गरीब गाय.

कोणाला काही वाटलं नाही. गाऱ्हाण्यात एखादा देव जास्त झाला तर कोणाचं बिघडत नाही. एखादा राहून गेला तर मात्र वर्षभर धाकधूक. लोकांनी समजून घेतलं की हा हिच्या माहेरच्या वाटेवरचा कोणी राखणदार असणार.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "देवाच्या दारात पुस्तकातलां सोंग न्हेलंस? लाज नाय वाटली?"

ती लुगड्याचा पदर सोडून वारा घेत बसली. "गाव सगळ्यांका हाक मारता," म्हणाली. "ढोरां राखणाऱ्याक मारता, पावस पाडणाऱ्याक मारता. आणि जेच्याकडे सगळ्यांकाच जावचां आसा, तेका कोण कधी इचारीत नाय. तेका बरां वाटात काय?"

"तेका बरां वाटाक तो आसा खंय?"

"नसलो तर तुमचां काय गेलां?"

पण गेलं. पुढच्या वाडीतल्या एका बाईची गाभण म्हैस हरवली होती. तिने जाता जाता पाताळकराला नारळ बोलला, आणि म्हैस दोन दिवसांनी खाडीच्या अंगाला सापडली. झालं. देवळामागच्या पिंपळाखाली जास्वंदीची फुलं दिसायला लागली. शिमग्यापर्यंत गावात ठरलं की पाताळकराला बसायला जागा नाही, त्याची लहानशी घुमटी बांधावी. आणि बांधायला सांगायला कोणाकडे आले? माझ्याकडे! गावात जुना गवंडी मीच.

मी हिला म्हटलं, "मी खोटां बांधूचंय नाय."

"मगे सांगा लोकांका खरां काय तां."

"तुझी अब्रू जायत."

"माझी अब्रू माझी मी बघीन. तुमी तुमचे चिरे बघा."

मी लोकांना सांगितलं, यंदा चिरा भुसभुशीत निघतोय, पुढच्या वर्षी बघू. आयुष्यात मी चिऱ्याबद्दल खोटं बोललो ते एकदाच.

मग मे महिना आला आणि मी वर सांगितलं ते झालं.

ती गेल्यावर माझ्याने ते पुस्तक उघडवलं नाही. उघडून तरी काय, मला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नाही. पडवीत बसलो की डोक्यात एकच यायचं. आम्ही ह्याला मान दिला. गावात नाव दिलं. आणि ह्याने काय केलं? तीनशे पानं थांबतो म्हणे! आमच्या खळ्यात दहा मिनिटं थांबला नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी संध्याकाळी, मी गुरवाच्या घरी गेलो. तो अंगणात बसून चिंचेने समया घासत होता. मी आडपडदा ठेवला नाही.

"गुरवानू, गाऱ्हाण्यातसून एक नाव काडूचां आसा."

"खंयचां?"

"पाताळकराचां. तो देव नाय. पुस्तकातलो आसा. माझ्या बायलेन तुमका फसवल्यान."

गुरव घासायचा थांबला नाही. "माका म्हायत आसा," म्हणाला.

"काय म्हायत आसा?"

"पयल्याच दिवशी सांगल्यान तिना, देवळाच्या पायरेर. 'गुरवानू, देवाच्या दारात खोटां सांगाचंय नाय, हो पुस्तकातलो आसा.' मी म्हटलंय, मगे नाय जमाचां, बाय. तेवां तिना गोष्ट सांगूक सुरुवात केल्यान." गुरवाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मगे दर सोमवारी फुडची. नऊ म्हयने. तां चेडू न्हयत पडलां तेवां माझां जेवणात लक्ष नाय. आणि तो कुत्रो बरो आसा हां, मिस्त्री. तिनव डोक्यांनी बरो."

मी पायरीवर बसलो. गावात ऐकणारा आपण एकटाच असं मला वाटत होतं, तर तेही नाही.

"म्हणान तुमी तेका गाऱ्हाण्यात घातलास? गोष्ट आवाडली म्हणान?"

"गोष्ट आवाडली म्हणान गोष्ट आयकलंय. गाऱ्हाण्यात घातलंय तां तिच्या मागण्यान." समई बाजूला ठेवून त्याने हात धुतले. "नाव मी मोठ्यान बोललंय. मागणां हळू बोललंय, तिनाच तसां सांगल्यान. तुमी लोक 'व्हय म्हाराजा' करून खोबऱ्याक धावतास, कोण आयकता?"

"काय होतां मागणां?"

गुरवाने हात जोडले. गाऱ्हाण्याचाच सूर, पण घरातल्या घरात पोचेल एवढाच. "बा पाताळकरा म्हाराजा, माझी येळ जवळ इली आसा, तेची माका काळजी नाय. पण माझ्या मागसून एक माणूस येतलो. तोंडान फटकळ आसा. इल्या इल्या तुझ्या भिंतीक नावां ठेवतलो. तेचां बोलणां मनार घेव नको. हाताचो तो खरो आसा. तेका बसाक पाट दी रे म्हाराजा."

मी समोरची समई ओढली आणि घासायला घेतली. बराच वेळ घासली.

मग गुरव म्हणाला, "काडूचां तर काडतंय. तिना दिलेल्या नावार तुझोच हक. सकाळी सांग." आणि थोडा घुटमळला. "मिस्त्री, एक इचारू? ती राणी रागान निघान गेली, थंयसर माका सांगल्यान. फुडे काय झालां?"

"तो तिच्या दारात येवन उभो ऱ्हवलो."

"इलो? बरां केल्यान. मगे?"

"इचारूक इलो होतो."

"मगे? काय म्हणाली ती?"

"म्हणाली, चाय ठेवा."

गुरवाला ते कळायला जरा वेळ लागला. मग त्याने माझ्या हातातली समई हळूच काढून घेतली. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

सकाळी मी अंघोळ केली, झाडाचा नारळ सोलला आणि देवळात गेलो. वर्ष होईपर्यंत आम्हाला सण नाही, पण गाऱ्हाण्याला उभं राहायला कोणाची बंदी नसते. नाव ठेवायचं की काढायचं, ते गुरवाने डोळ्यांनीच विचारलं. मी नारळ त्याच्या हातात दिला. त्याने डोंगरावरल्याला हाक मारली, दर्यावरल्याला मारली, शिवेवरल्या, वाटेवरल्यांना मारली, पाताळकरापर्यंत आला आणि थांबला. सगळ्या गावासमोर मला म्हणाला, "मिस्त्री, मागणां तुझां तू बोल."

माझा आवाज परांचीवरून खालच्या माणसाशी बोलायचा. तोच लावला.

"बा पाताळकरा म्हाराजा, तू तिका न्हेलंस. माका इचारलंस नाय, तां मी इसारचंय नाय. पण तिका तरी इचार. आणि इचारशीत तेवां उजव्या अंगाक उभो ऱ्हव. डावो कान तिचो चार वर्षां झाली, कामातसून गेलेलो आसा. ती कोणाक सांगणा नाय. आयकाक नाय इलां तरी आपली मान हलवता."